घरातल्या मोठ्यांचं विसरणं: वहीपासून केसपेपरपर्यंत

आजी कुकर लावून विसरली की घरात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो, ‘वय झालं, चालायचंच.’ दुसरा मोबाइल उघडून रात्रीतूनच अल्झायमर ठरवून टाकतो. पहिल्यामुळे दोन-तीन वर्षं हातची जातात. दुसऱ्यामुळे घर घाबरून जातं आणि साध्या गोळीने सुधारणारा आजारही असाध्य समजून सोडून दिला जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द यांनी आपल्याकडे फार नुकसान केलं आहे, कारण दोन्हींत एकच गोष्ट गृहीत धरली आहे: यावर करण्यासारखं काही नाही.

करण्यासारखं पुष्कळ आहे. आठवण, विचार आणि रोजची कामं हळूहळू घसरत नेणाऱ्या आजारांना मिळून डिमेन्शिया म्हणतात, अल्झायमर हा त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे देशभरात अंदाजे ८८ लाख माणसं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तो नाही. पण विसरण्याच्या तक्रारी यातल्याही बऱ्याच जणांच्या असतात, आणि त्यामागे थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, ऐकू न येणं, झोपेच्या गोळ्या, मनाची उदासी अशी कारणं सापडतात. कोण कुठल्या गटात, हे घरी बसून ठरत नाही. ते ठरवायला डॉक्टरला जी माहिती लागते, ती मात्र फक्त घरातच मिळते. हा लेख ती माहिती गोळा करण्यापासून सुरू होतो.

आज, आत्ता निघायचं कधी

आधी घाईचं सांगून टाकू. माणूस काल ठीक होता आणि आज भलतंच बोलतोय, दिवसाढवळ्या झोपतोय, मधूनच शुद्धीवर असल्यासारखा वाटतोय आणि पुन्हा भरकटतोय, तर तो डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. तासा-दिवसांत आलेल्या गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर फार खाली जाणं, लघवी तुंबणं, नवी सुरू झालेली गोळी. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या संसर्गात ताप येतोच असं नाही, कधीकधी पहिलं लक्षण हा गोंधळच असतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर सोडियमची शंका आधी घ्या. अशा वेळी अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं हे पक्षाघाताचं लक्षण. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लगेच १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सहज निसटते. गेल्या काही आठवड्यांत आजोबा बाथरूममध्ये घसरले होते का? डोक्याला मार लागला आणि वरून काही दिसलं नाही, तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत जाऊ शकतं आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त आणि विसराळू होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि शस्त्रक्रियेने निघतं.

वयाचं विसरणं आणि आजाराचं विसरणं

वयानुसार आठवण मंद होते, पुसली जात नाही. नाव पटकन सुचत नाही, पण ‘अगो, ती दादरची, सुमनची जाऊ’ एवढी खूण दिली की लागलीच आठवतं. अल्झायमरमध्ये खूण देऊनही उपयोग होत नाही, कारण नवीन गोष्ट मेंदूत साठलीच गेलेली नसते. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा नवी आठवण साठवणारा भाग या आजारात सर्वांत आधी झिजतो. जुन्या आठवणी इतरत्र पक्क्या बसलेल्या असतात. म्हणूनच १९८२ चा गिरणी संप, कुणाच्या खोलीत कोण जेवायला असायचं, हे सगळं नावानिशी सांगणारे बाबा सकाळी डॉक्टरकडे जाऊन आलो हे दुपारी विसरतात. ‘त्यांना तर चाळीस वर्षांपूर्वीचं आठवतंय, स्मरणशक्ती ठणठणीत आहे’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो. जुन्या गोष्टी आठवतात की नाही हे तपासूच नका. कालचं, आजचं तपासा.

दुसरी परीक्षा कामाची. जे काम माणूस आयुष्यभर डोळे मिटून करत होता, त्यात अडखळायला लागला का? दादरला पश्चिमवरून मध्यवर गाडी बदलणं, सोसायटीच्या मेन्टेनन्सचा चेक लिहिणं, दोनशेची नोट देऊन सुटे मोजून घेणं. फ्रीजमध्ये धणेपुडीची चार पाकिटं, चारही अर्धी उघडी, आणि पाचवं आजच्या पिशवीत, हे बघितलं की दुकानात उभं असताना घरातलं काय संपलंय ते आठवत नाही हे कळतं. शब्दांवरही लक्ष ठेवा: ‘ते... पाणी तापवायचं ते’ असं वरचेवर होऊ लागलं, तर नोंद करा.

आणि प्रत्येक वेळी सुरुवात विसरण्यापासून होत नाही. काहींचा आधी स्वभाव बदलतो: भिडस्त माणूस चारचौघांत वाटेल ते बोलू लागतो, काटकसरी बाई कुणालाही पैसे देऊन मोकळी होते. काहींना नसलेली माणसं किंवा मांजरं खोलीत दिसतात आणि चाल अखडते. हे डिमेन्शियाचे वेगळे प्रकार आहेत, तेव्हा ‘विसरत तर काही नाही’ म्हणून थांबू नका.

दोन आठवडे वही ठेवा

शंभर पानी साधी वही पुरते. डॉक्टरकडे तुम्हाला मिळणार दहा-पंधरा मिनिटं, आणि त्या मिनिटांत आई नेमकी सावरून, नीट पदर घेऊन, हसून बोलते. निम्म्या घरांत हेच होतं. डॉक्टरांसमोर ‘काही नाही हो, मुलं उगाच घाबरतात’ म्हणणारी आई खोटं बोलत नसते, तिला खरोखरच आठवत नसतं. तिथे वहीच कामाला येते.

‘आई फार विसरते’ असं लिहू नका. असं लिहा: ‘मंगळवार. पाचला चहा घेतला. साडेपाचला चहा कधी मिळणार विचारलं. कप समोरच होता. आठवण करून दिली तरी घेतल्याचं पटलं नाही. रात्री तीनदा उठली.’ तारीख, वेळ, काय झालं, खूण दिल्यावर आठवलं का, आदल्या रात्रीची झोप कशी होती, एवढं प्रत्येक नोंदीत असावं. चांगला दिवस गेला तर तोही लिहा, चढ-उतारावरूनही डॉक्टरांना बरंच कळतं.

पहिल्या पानावर ‘कधीपासून’ याचं उत्तर हवं. इथे घरातली माणसं एकमेकांशी भांडतात, कारण महिना कुणालाच सांगता येत नाही. सणांवर टेकून आठवा. गेल्या गणपतीत उकडीचे मोदक तिनेच केले होते का? उकड जमली होती, की पाणी किती हे सुनेला विचारलं होतं? कळ्या आल्या होत्या का? त्याच्या आदल्या वर्षी? दोन गणपतींमधला फरक सांगता आला की आजाराचा वेग सांगता येतो. हळूहळू उतार की पायरीपायरीने घसरण, हेही इथेच लिहा. काही महिने स्थिर, मग एकदम खाली, पुन्हा स्थिर असं असेल तर मेंदूच्या रक्तपुरवठ्याकडे बोट जातं.

मग एक पान रोजच्या कामांचं. फोन लावणं, पैशांचा व्यवहार, स्वतःच्या गोळ्या घेणं, एकट्याने बस-रिक्षाने जाणं, स्वयंपाक, बाजार, आंघोळ, कपडे, संडास, जेवण. प्रत्येकासमोर दोन रकाने: दोन वर्षांपूर्वी आणि आता. इथे आपल्या घरांतली एक अडचण लक्षात ठेवा. सुनेने किंवा मुलीने सगळं हातात घेतलेलं असेल तर आईला काय जमत नाही हे उघडच होत नाही. आणि आयुष्यात चहासुद्धा न केलेल्या वडिलांची परीक्षा स्वयंपाकघरात घेता येत नाही, त्यांचं पासबुक आणि लाइट बिलं बघा. एकच बिल दोनदा भरलेलं, दुसरं तीन महिने थकलेलं, हा पुरावा पुरेसा बोलका असतो.

गोळ्यांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका कापडी पिशवीत गोळा करा: डॉक्टरांनी दिलेल्या, केमिस्टकडून आणलेल्या, शेजारणीने सुचवलेल्या, आयुर्वेदिक काढे आणि पुड्याही. डॉक्टरांसमोर ती पिशवी टेबलावर ओता.

का, ते सांगतो. मेंदूत आठवण साठवायला असिटिलकोलिन नावाचं रसायन लागतं, आणि बऱ्याच साध्या गोळ्या नेमकं तेच अडवतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, झोप किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीचं अमिट्रिप्टिलिन, हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यांतली नेहमी भेटणारी नावं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांनीही माणूस विसराळू होतो, पडतो. एकेक गोळी निभते, तिघी-चौघी एकत्र आल्या की निभत नाही.

पण घरच्या घरी एकही गोळी बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेलं अल्प्राझोलाम एका दिवसात थांबवलं तर फिट येऊ शकते. ते आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या हिशोबाने उतरवायचं असतं.

रिकाम्या पाकिटांची तारीखही बघा. पंधरा दिवसांची पट्टी महिनाभर पुरली तर रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चुकतेय, आणि सहा दिवसांत संपली तर दुहेरी जातेय. दोन्हींचा मेंदूवर परिणाम होतो.

पहिला डॉक्टर आणि रक्ततपासणी

थेट मोठ्या रुग्णालयात धावण्याची गरज नसते. नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा मुंबई महापालिकेचा जवळचा ‘आपला दवाखाना’ इथून सुरुवात करा. या पायरीचं काम एकच: सुधारता येण्यासारखी कारणं शोधणं. हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), किडनीसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, लिव्हरच्या चाचण्या, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि लघवीची तपासणी, एवढ्या गोष्टी मागा. पालिकेच्या दवाखान्यात यांतल्या बऱ्याच मोफत होतात. बी-१२ नेहमी होतेच असं नाही, ती वेगळी विचारा.

बी-१२ बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण शाकाहारी घरांत ते कमी असणं फारच सर्रास आहे. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि ऍसिडिटीसाठी रोज सकाळी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असेल तर उरलंसुरलंही शोषलं जात नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० हा पट्टा संशयाचा, तिथे ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी डॉक्टरांना लक्षणं सांगा, ते होमोसिस्टिनची जादा तपासणी सांगू शकतात. नेहमीची चूक अशी: कुणीतरी आधीच बी-१२ ची इंजेक्शनं किंवा मल्टिव्हिटॅमिन सुरू करतं आणि मग रक्त देतं. आकडा फुगून येतो आणि खरं काय होतं ते कधीच कळत नाही. आधी रक्त, मग सुई.

उदासीही इथेच तपासायची. जोडीदार गेल्यावर, मुलं लांब गेल्यावर माणूस मिटतो, जेवण कमी होतं, पहाटे तीनला जाग येते आणि ‘माझं डोकंच चालत नाही’ असं तो स्वतः सांगतो. ठळक फरक असा की उदास माणूस स्वतः तक्रार करतो, तर डिमेन्शियात बहुधा घरचे तक्रार करतात. दोन्ही एकत्रही असतात. उदासीवर उपचार केले की आठवण बरीच सुधारू शकते, म्हणून ‘मानसोपचारतज्ज्ञ कशाला, आई वेडी आहे का?’ हा प्रश्न घरातल्या कुणी विचारू नये.

आणखी एक तिकडी लक्षात ठेवा: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी आवरत नाही, आणि विसरणं. ही तिन्ही एकत्र असतील तर मेंदूत पाणी साचल्याची शक्यता असते. वेळेत सापडलं तर शस्त्रक्रियेने ते पाणी वळवून देता येतं, आणि चाल तर पुष्कळदा चांगलीच सुधारते.

कान आणि डोळे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? आधी कानातला मळ काढून घ्या, मग श्रवणचाचणी करा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था आहे. तिथे चाचणी होते आणि श्रवणयंत्राबद्दल सरकारी योजनांची माहितीही मिळते. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत, त्यात ऐकू न येणं आणि न सुधारलेली कमी दृष्टी दोन्ही आहेत. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघण्याचे दिवस गेले.

मोठ्या रुग्णालयात जाताना

रक्तात काही सापडलं नाही, किंवा सापडलेलं सुधारूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर तज्ज्ञाकडे. चाल, हात थरथरणं, पक्षाघात अशी लक्षणं असतील तर न्यूरॉलॉजिस्ट. भास, संशय, उदासी, चिडचिड पुढे असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. आजार पाच-सहा आणि गोळ्या बारा असतील तर जेरियाट्रिक म्हणजे वृद्धांच्या आजारांचा डॉक्टर. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक आणि भायखळ्याचं जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत. ठरावीक ओपीडी रोज नसते, म्हणून आदल्या दिवशी एकट्याने जाऊन चौकशी खिडकीवर दोन प्रश्न विचारा: या विभागाची नवीन रुग्णांची ओपीडी कोणत्या वारी असते, आणि मेमरी क्लिनिक वेगळं चालतं का. आईला घेऊन जाऊन मग वार चुकल्याचं कळणं, हे तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी फार थकवणारं आहे.

सोबत दोन माणसं हवीत. एकाने सकाळी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने आईला सावकाश टॅक्सीने आणायचं. नऊच्या लोकलमध्ये तिला चढवू नका. गर्दीतून घाबरून आलेल्या माणसाची स्मरणचाचणी खरी येत नाही. पिशवीत वही, गोळ्या, जुने रिपोर्ट, आधार कार्ड, वाचायचा चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याचा जादा सेल, पाणी, घरचा डबा. मधुमेह असेल तर उपाशी बसवू नका.

वहीवरून आदल्या रात्री एका पानाचा गोषवारा काढा: कधीपासून, तीन ठळक प्रसंग, बंद पडलेली कामं, चालू गोळ्या, पडझड. आत गेल्यावर हे पान डॉक्टरांच्या हातात द्या. तिच्यासमोर तिच्या चुका मोजून दाखवायच्या नाहीत. काही बोलायचंच असेल तर ‘डॉक्टर, मला दोन मिनिटं वेगळी मिळतील का’ असं विचारा. समजूतदार डॉक्टर देतात.

चाचणी बहुधा ३० गुणांची असते: वार, महिना, ठिकाण, काही शब्द लक्षात ठेवणं, उलटं मोजणं, चित्र काढणं, घड्याळ काढणं. इथे तीन गोष्टी बिघडतात. घरचे मधेच उत्तर सुचवतात. कुणी आदल्या दिवशी वार आणि महिना घोकून घेतं. आणि तिसरं, चौथीपर्यंत शिकलेल्या, घरी मालवणी बोलणाऱ्या बाईची चाचणी इंग्रजीतून किंवा हिंदीतून घेतली जाते. मराठीतून घ्यायला सांगा, आणि शिक्षण किती झालंय ते आधीच सांगा. गुणांचा अर्थ शिक्षणावर अवलंबून असतो. उलट निवृत्त मुख्याध्यापकांना २७ गुण मिळाले म्हणून निर्धास्त होऊ नये. त्यांची सुरुवातच वरून झालेली असते, तिथे वहीतल्या नोंदींना जास्त वजन.

मेंदूचा एक तरी स्कॅन होतो. रक्तस्राव, गाठ, साचलेलं पाणी बघायला सीटी चालतो. एमआरआय जास्त दाखवतो, पण त्यात अर्धा तास बोगद्यासारख्या यंत्रात मोठ्या आवाजात निश्चल पडावं लागतं. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगा. स्कॅनमध्ये ‘वयानुसार मेंदू आकसलेला’ हे वाक्य वाचून घाबरू नका, ते पुष्कळ जणांच्या रिपोर्टमध्ये असतं. निदान स्कॅनवरून होत नाही, सगळं एकत्र जुळवून होतं.

निदानात ‘सौम्य बोधक्षीणता’ म्हणजे एमसीआय असं आलं, तर तो डिमेन्शिया नव्हे. काहींचं पुढे वाढतं, काहींचं तसंच राहतं, काहींचं सुधारतंही. सहा ते बारा महिन्यांनी परत तपासायचं आणि तोवर रक्तदाब, साखर, झोप, चालणं आणि माणसांत मिसळणं सांभाळायचं.

अल्झायमर ठरल्यास बहुधा डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम सुरू करतात आणि चार ते सहा आठवड्यांनी सोसलं तर १० करतात. मळमळ, जुलाब, नाडी मंद होणं, भडक स्वप्नं हे त्याचे त्रास. स्वप्नं पडत असतील तर गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. चक्कर येऊन पडली तर लगेच कळवा. मधल्या आणि पुढच्या टप्प्यात मेमँटिन देतात. या गोळ्या आजार थांबवत नाहीत, काही काळ कामकाज टिकवायला मदत करतात. सहा महिन्यांनी ‘काहीच फरक नाही’ असं वाटलं, तर तेवढा काळ उतार लागला नाही हाही फरकच असू शकतो. वहीतली जुनी पानं काढून मगच ठरवा. भास होणाऱ्या, चाल अखडलेल्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं औषध कुणी दिलं, तर ‘लेवी बॉडी डिमेन्शियाची शंका आहे का’ हे आधी विचारा. त्या प्रकारात अशी औषधं धोकादायक ठरतात.

‘मला घरी जायचंय’

हे वाक्य मुंबईत विशेष ऐकू येतं. चाळीस-पन्नास वर्षं लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत काढलेली बाई पुनर्विकासानंतर त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर येते. गॅलरी गेली, कॉमन नळ गेला, दारासमोरची माणसं गेली. चाळीत दारं उघडी असत, ती कुठे निघाली तर चार जण विचारत. आता दार बंद, लिफ्टमध्ये बटणं बावीस. संध्याकाळी चार-पाचनंतर सावल्या लांबल्या की ती पिशवी भरते आणि म्हणते, मला घरी जायचंय. ‘अगं, हेच तुझं घर’ म्हणून पटवू नका. पटत नाही, फक्त भांडण होतं. ‘घरी कोण कोण आहे गं?’ असं विचारा, बोलू द्या, मग चहा, दिवाबत्ती, किंवा खाली एक फेरी. संध्याकाळ होण्याआधीच खोलीतले दिवे लावा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. जुन्या खोलीतला देव्हारा, तांब्याची कळशी, लग्नातला फोटो तिला दिसेल असा ठेवा.

‘मला ओळखलंस का?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. आलेल्याने स्वतःच सांगायचं: ‘आई, मी संजू, ठाण्याहून आलोय.’

स्वयंपाकघरात पाइप गॅस असेल तर शेगडीच्या आधीचा व्हॉल्व्ह वापर झाल्यावर बंद करायची सवय लावा. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद. तिच्या हातचं काम मात्र काढून घेऊ नका, कोथिंबीर निवडणं, लसूण सोलणं तिला येतंच. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या, कमोडजवळ आणि नळाजवळ धरायला दांडे, बसायला न सरकणारं स्टूल. बादलीतलं पाणी आधी तुम्ही हात घालून बघा. जेवायला पाच वाट्यांचं ताट गोंधळात टाकतं, एका वेळी एक पदार्थ द्या. मुख्य दाराला घंटी बसवा. पण तिला एकटीला आत कुलूपबंद करून कामावर जाऊ नका, आग लागली तर कुणाला काढता येणार नाही.

हरवल्यास

‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ हा समज चुकीचा आहे. तासभर शोधत बसू नका. ११२ ला फोन करा आणि त्याच वेळी एकाने जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. रेल्वेसाठी १३९. मुंबईत हरवलेला म्हातारा माणूस बहुधा ओळखीच्या लाइनच्या गाडीत बसतो आणि शेवटच्या स्टेशनला पोहोचतो: विरार, कसारा, कर्जत, पनवेल. मग जुनी खोली, जुनी गिरणी किंवा ऑफिस, नेहमीचं देऊळ, आईचं माहेर. या ठिकाणांची यादी आणि फोन नंबर वहीच्या मागच्या पानावर आजच लिहून ठेवा. दर महिन्याला एक पूर्ण उभा फोटो काढा. हरवल्यावर लोकांना दाखवायला लग्नातला फोटो कामाचा नसतो. खिशात कार्ड राहत नाही, म्हणून कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवा किंवा क्यूआर कोडचं लॉकेट गळ्यात घाला. वॉचमन, लिफ्टमन, कोपऱ्यावरचा वाणी यांना सांगून ठेवा. लपवण्यात काही राखलं जात नाही.

मदत कुठे

एल्डरलाइन १४५६७, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मोफत सेवा, सकाळी आठ ते रात्री आठ. टेली-मानस १४४१६, मनाच्या आजारांसाठी चोवीस तास आणि मराठीतून. थकलेल्या मुलीने किंवा सुनेने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन १०९०. हेल्पएज इंडियाची १८००-१८०-१२५३. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया म्हणजे एआरडीएसआय ही १९९२ पासूनची संस्था आहे आणि तिची मुंबई शाखा आहे. शुश्रूषा करणाऱ्यांचे गट, सल्ला यासाठी तिथे विचारा. १९९५ साली मुंबईत सुरू झालेली डिग्निटी फाउंडेशन डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी डे केअर चालवते. डे केअरसाठी विचारताना घरापासून नेण्या-आणण्याची सोय, एका काळजीवाहकामागे किती रुग्ण, आणि संडास-बाथरूमला मदत मिळते का, हे तीन प्रश्न आधी विचारा. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते भरती झाल्यावर. ओपीडी आणि घरी ठेवलेली सांभाळणारी बाई त्यात धरत नाहीत.

ब्युरोतून बाई ठेवली तर पोलीस पडताळणी करून घ्या आणि दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर मराठीत किंवा तिच्या भाषेत लावा.

कागदपत्रं, निदानानंतर पहिल्या महिन्यात

हे काम लवकर करायचं, कारण सही करण्याची समज जोवर आहे तोवरच त्या सहीला अर्थ आहे. निदान झालं म्हणजे समज संपली असं नाही, सुरुवातीच्या टप्प्यात माणूस स्वतःचे निर्णय घेऊ शकतो. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार, आणि त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र की व्यक्ती समजून सही करते आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण अशा वेळी करून घेतलेली बरी. बँकेत संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही एकट्याच्या सहीने चालणारं, प्रत्येक ठेवीवर आणि सोसायटीत नॉमिनेशन.

मुखत्यारपत्राबद्दल बऱ्याच जणांची फसगत होते. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते रद्द होतं, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच ते चालत नाही. तोवर काहीच केलं नसेल तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत, पण वेळ आणि खर्च लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली मात्र आपल्या उपचारांबाबत कोणी बोलावं हे व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. बाबांना विचारा, त्यांना कुणाचं नाव द्यायचं आहे ते.

घाईघाईने घर मुलाच्या नावावर करून देणारेही असतात. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मिळवता येते, असं २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं. बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहिलेली असावी.

सांभाळणारीचा वार

बहुतेक घरांत सगळं एकाच बाईवर येतं: सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीत पोचलेली बायको. पुण्याहून, अमेरिकेहून फोनवर सल्ला देणाऱ्या भावंडांना वहीचे फोटो दर रविवारी पाठवा. मग ‘माझ्याशी तर बाबा छान बोलले’ हे वाक्य थांबतं. त्यांच्याकडून पैसे मागण्याआधी दिवस मागा: महिन्यातला एक शनिवार-रविवार, तारीख आधी ठरवून. त्या दोन दिवसांत वहीही त्यांनीच लिहायची, गोळ्यांचा डबा त्यांनीच भरायचा, आणि रात्री तीनला दाराची घंटी वाजली की उठायचंही त्यांनीच.